येण्याचं कारण

सावद्याहून बऱ्हाणपूर पंचेचाळीस किलोमीटर.
एवढ्याशासाठी लॉजवर राहतं का कोणी?
फिरके गुरुजी ओट्यावरून हसले,
म्हणाले, सांजच्या गाडीनं परत या की,
घरची खाट काय चावते का तुम्हाला?

त्यांना कसं सांगू,
एकतीस वर्षांच्या नोकरीत त्या शहरात
माझ्या दीड-दोनशे रात्री जमा आहेत
आणि एकही शहरात नाही.
सगळ्या स्टँडवर,
गाडीच्या मागच्या लांब सीटवर,
कॅशची बॅग उशाला, पाय खिडकीबाहेर,
उन्हाळ्यात ड्रायव्हर कोळी टपावर घोरत.
पहाटे कुठून तरी अजान, कुठून तरी काकडा,
मग माव्याच्या जिलेबीची कढई तापल्याचा वास,
आणि साडेपाचला मी घंटीची दोरी ओढायचो.
शहर डोळे चोळायचं
तेव्हा आम्ही रावेरच्या केळीत शिरलेले.

किल्ला मला ठाऊक, तो उतारूंच्या तोंडून.
कोणी म्हणे, इथे एक राणी बाळंतपणात गेली.
कोणी म्हणे, जमिनीखालून अजून पाणी वाहतं,
एक कुंडी दुसरीला देते, दुसरी तिसरीला,
वरून माणसाला पत्ता नाही.
मी म्हणायचो,
पुढे सरका. सुटे द्या.

आता नंबर मिळवलाय.
कुतबुद्दीनभाई, आवाज मऊ, खोकला जुना.
दुसरा मजला, पंखा आहे,
कूलर लावला तर शंभर वर,
गरम पाण्याची बादली सात ते आठ.
खिडकी? आहे एक.
खिडकीतून काय दिसतं?
तिकडे जरा वेळ काहीच नाही, फक्त खोकला.
मग म्हणाले,
दीवार दिखती है, साहब. लेकिन पुरानी है.

मी खोली पक्की केली.

द्वारकानं तीनच गोष्टी विचारल्या.
संडास आत आहे का.
चादर धुतलेली असते का.
आणि, त्यात मी कशाला?
पहिल्या दोन मी वहीत लिहून घेतल्या.
तिसरीपाशी पेन थांबलं.
ती तूर निवडत होती, मान वर न करता बोलली,
तुमच्या हॉल्टच्या रात्री
मी दाराला पाटा लावून झोपायची.
पोरं मधी, मी कडेला.
कडी ढिली होती ना आपली.

एकतीस वर्षं.
कडी ढिली होती हे मला
आज, तुरीच्या सुपावरून कळतंय.

मी परत फोन लावला.
भाई, खोलीला आतून कडी आहे का?
है ना, म्हणाले, पितल की. आप लोग डरते क्यों हो?
मी म्हटलं, डरत नाही.
विचारायचं राहिलं होतं.

जाता जाता त्यांनी सांगून ठेवलं,
वहीत एक रकाना असतो, येण्याचं कारण.
लोक लग्न लिहितात, व्यापार, दर्गा, कोर्टाची तारीख.
कोरा सोडता येत नाही, पोलीस बघतात.
मी दोन दिवस विचार करतोय.
किल्ला लिहावं तर किल्ला दुपारीच बघून होतो.
पाणी लिहावं तर लोक आजारी समजतील.
द्वारका म्हणाली, लिहा की, झोप.
आणि हसली, सूप हलेपर्यंत.

पिशवीत कळण्याच्या भाकरी, ठेचा,
तिची गोळी, माझी गोळी, एक जास्तीची चादर
(धुतलेली असते म्हणाले, तरी).
पाटा घ्यायचा का सोबत, तिनं विचारलं.
मी खरंच क्षणभर पिशवीकडे पाहिलं.

गुरुवारची सकाळची गाडी.
कंडक्टर नवीन पोरगा, मशीन घेऊन फिरतो,
पंच काय असतो ते त्याला माहीत नसेल.
चोरवडच्या नाक्यापर्यंत आम्ही दोघं निम्मे,
हद्द ओलांडली की पूर्ण.
हिशेब किचकट आहे, त्याला घाम फुटेल.
सुटे मी
मोजून वरच्या खिशात ठेवलेत.